जुनी बुलेट घेताना आधी कागद, मग इंजिन

आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांत गेल्या काही वर्षांपासून एक नवी हौस दिसते आहे. हौस म्हणा किंवा गरज म्हणा. शंभर सीसीच्या गाडीवर मागे गाठोडे बांधून आठवडी बाजार करणारा माणूस आता साडेतीनशे सीसीच्या गाडीकडे पाहू लागला आहे. नवी परवडत नाही म्हणून जुनी शोधतो. याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती सौदा करण्याच्या पद्धतीबद्दल.

हाच माणूस कापड घ्यायला बसला म्हणजे कसा वागतो ते पाहा. ताग्याची वरची घडी पाहून तो कधीच पैसे देत नाही. आतली घडी उलगडतो, उजेडाकडे धरतो, पन्हा मोजतो, काठ तपासतो, कुठे तार तुटली आहे, कुठे डाग आहे ते दाखवून भाव पाडतो. मीटरमागे दोन रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतो. आणि लाख-सव्वा लाखाची मोटारसायकल मात्र धडधड ऐकून, टाकीवरची चकाकी पाहून, संध्याकाळच्या अंधारात, एखाद्या मित्राच्या शब्दावर घेऊन येतो. कागदांचे विचाराल तर उत्तर ठरलेले असते, "टीटी फॉर्मवर सही घेतली आहे, नाव नंतर चढवू." हे नंतर बहुतेक वेळा येतच नाही.

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. परदेशात मधल्या वजनाची मोटारसायकल म्हणजे पाचशे ते आठशे सीसीची समजतात. आपल्याकडे अडीचशे ते पाचशे सीसीपर्यंतच्या गाडीला मधली म्हणायला हरकत नाही, आणि त्यातही आपल्या लोकांच्या नजरेत प्रामुख्याने बुलेट किंवा क्लासिक साडेतीनशेच असते. कारण सरळ आहे. सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात, मिस्त्री मिळतो, आणि पुढे विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक मिळते. म्हणून या लेखात मी मुख्यतः तिच्याविषयीच बोलणार आहे.

आधी गरजेचा हिशेब करू. समजा तुम्ही रोज ६० किलोमीटर फिरता आणि वर्षाचे ३०० दिवस धंदा करता. म्हणजे वर्षाला १८ हजार किलोमीटर झाले. साडेतीनशे सीसीची गाडी लिटरला ३५ किलोमीटर देते असे धरले तर सुमारे ५१४ लिटर पेट्रोल लागेल. शंभर सीसीची गाडी ६५ देते असे धरले तर २७७ लिटर. पेट्रोल शंभर रुपये लिटर मोजले तरी वर्षाकाठी साधारण पावणेचोवीस हजारांचा फरक पडतो. टायर, चेन, क्लच प्लेट, ऑइल हे सगळे महाग पडते ते वेगळेच. तेव्हा ज्याचे फिरणे गावातल्या गावात, पेढी ते गोदाम आणि गोदाम ते घर एवढेच आहे, त्याने या भानगडीत पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. गल्लीबोळात पावणेदोनशे ते दोनशे किलोची गाडी मागे ढकलणे हे पन्नाशीच्या माणसाच्या कमरेला झेपत नाही.

पण ज्याला रोज हमरस्त्यावर जायचे आहे, मागे भाऊ किंवा मुलगा बसवायचा आहे, दोन्ही बाजूंना नमुन्यांच्या पिशव्या आहेत आणि रात्री वसुली करून परत यायचे आहे, त्याला मोठी गाडी कामाची आहे. ट्रकच्या वाऱ्याने ती हलकी गाडी डोलते तशी डोलत नाही. ब्रेक आणि टायर जड कामासाठी केलेले असतात. इंजिन पिळावे लागत नाही म्हणून माणूसही कमी थकतो. अशा माणसाला वरचे चोवीस हजार धंद्याचा खर्च म्हणून सोसण्यासारखे आहेत. फक्त गाठोडे मागच्या चाकाच्याही मागे लोंबत ठेवू नये. पुढचे चाक हलके होते आणि वळणावर गाडी ऐकत नाही. वजन दोन बाजूंना, जितके खाली आणि जितके पुढे घेता येईल तितके घ्यावे.

आता कागद. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण बुडणारा माणूस इथेच बुडतो.

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आपल्या नावासाठी अर्ज करायचा असतो. विकणाऱ्याच्या बाजूचा फॉर्म २९, घेणाऱ्याच्या बाजूचा ३०. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५ आणि सोबत बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे ना-हरकत पत्र. मालक वारला असेल तर वारसाने आधी फॉर्म ३१ भरून गाडी स्वतःच्या नावावर करायची, मग विकायची. मयत माणसाच्या नावाची गाडी त्याचा मुलगा, मेहुणा किंवा शेजारी "घरचीच आहे" म्हणून विकू लागला तर तेथून उठावे. वारस चार असतील तर चौघांची संमती लागते, आणि चौथा नेहमी दुबईत असतो.

आमच्यापैकी जे उर्दू शाळेत शिकले त्यांना या फॉर्मांची भाषा अवघड जाते हे खरे आहे. इंग्रजी कागदावर एजंट बोट ठेवील तिथे सही करण्याची सवय पडून गेली आहे. आज घराघरात दहावी-बारावी शिकलेली मुलगी आहे. तिला समोर बसवून प्रत्येक ओळ वाचून घ्यावी. एजंटाचा खोळंबा झाला तरी चालेल.

नाव न चढवता गाडी वापरली तर काय होते? सर्वोच्च न्यायालयापुढे 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' असे एक प्रकरण आले होते. गाडी पहिल्या मालकाने विकली, दुसऱ्याने तिसऱ्याला दिली, तिसऱ्याने चौथ्याला. आरटीओच्या नोंदीत नाव मात्र पहिल्याचेच राहिले. पुढे त्या गाडीखाली माणूस गेला. भरपाई कोणी द्यायची? फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की कायद्याच्या दृष्टीने नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक, आणि जबाबदारी त्याची. ज्याने गाडी विकून पैसे कधीच खर्च करून टाकले होते आणि जो त्या रस्त्यावर हजरही नव्हता, त्याच्या अंगावर हे आले. म्हणजे आपल्या वाचकांपैकी ज्यांनी जुनी गाडी कोऱ्या फॉर्मवर सही करून देऊन टाकली आहे, त्यांच्या दुकानावर, घरावर आजही ही टांगती तलवार आहे. गाडीचा विमा संपलेला असेल आणि मयताचे वय कमी व कमाई चांगली असेल, तर भरपाईचा आकडा लाखांत जातो.

हे झाले विकणाऱ्याचे. घेणाऱ्याचे नुकसान दुसऱ्या बाजूने होते, आणि ते फारसे कोणाला माहीत नसते. गाडीच्या विम्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. पहिली, दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याची भरपाई. गाडी हस्तांतरित झाली की कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे हा भाग गाडीबरोबर नव्या मालकाकडे येतो, मात्र त्याने १४ दिवसांत विमा कंपनीकडे नावाच्या बदलाचा अर्ज करायचा असतो. दुसरी, आपल्या स्वतःच्या गाडीचे नुकसान किंवा चोरी. हा भाग आपोआप येत नाही, पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावीच लागते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मालक स्वतः गाडी चालवत असताना मरण पावला किंवा कायमचा जायबंदी झाला तर मिळणारे संरक्षण. पूर्वी दुचाकीसाठी हे एक लाखाचे होते. २०१८ च्या अखेरीस नियम बदलून ते किमान १५ लाखांचे केले गेले. हे पैसे नोंदीतल्या मालकाचे आहेत, आणि त्याच्याजवळ चालू लायसन्स असेल तरच. आरसी बुकावर नाव दुसऱ्याचे आणि गाडीवर मेला कारागीर, तर त्याच्या विधवेने विमा कंपनीच्या किती पायऱ्या झिजवल्या तरी उपयोग नाही. यंत्रमागावर किंवा भरतकामाच्या चौकटीवर राबून घर चालवणाऱ्या माणसाच्या मागे दुसरे काय असते? पाच-सातशे रुपयांच्या आणि दोन चकरांच्या आळसापोटी हे पंधरा लाख सोडून देण्यासारखे नाहीत.

इथे एक फसवी गोष्ट आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा एकदम पाच वर्षांचा काढावा लागतो. त्यामुळे २०२२ सालची गाडी दाखवताना विकणारा म्हणतो, "इन्शुरन्स २०२७ पर्यंत आहे." तो खोटे बोलत नाही, पण अर्धे बोलतो. दुसऱ्याच्या नुकसानीचा भाग २०२७ पर्यंत असेल, आपल्या गाडीचा भाग कदाचित पहिल्याच वर्षी संपला असेल. पॉलिसी हातात घेऊन दोन्ही तारखा वेगवेगळ्या पाहाव्यात. आणि दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट मालकाची असते, गाडीची नसते. तिच्या नावावर कोणी भाव वाढवत असेल तर एक पैसा देऊ नये.

कागद खरे आहेत की नाहीत हे पाहणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. परिवहन खात्याच्या 'वाहन' संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, मुदत, विमा, कर्जाची नोंद समोर येते. ई-चलान किती थकली आहेत तेही पाहता येते, आणि काही गाड्यांवर ती इतकी असतात की सौद्याचा अर्धा नफा त्यातच जावा. मग चेसिस नंबर. हँडलच्या मानेजवळ फ्रेमवर ठोकलेला असतो. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल घासावी, ठसा उमटतो. तो ठसा आणि इंजिनवरचा नंबर, दोन्ही आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर जुळवावे. आकडे वेडेवाकडे असतील, आजूबाजूला घासल्याचे किंवा वेल्डिंगचे चिन्ह असेल, नवा रंग नेमका तेवढ्याच जागी लावलेला असेल, तर भाव कितीही खाली आला तरी हात लावू नये. चोरीची गाडी अजाणता घेतली तरी पोलीस ती घेऊन जातात, आणि आपल्या वस्तीतल्या तरुणाला त्यानंतर ठाण्याच्या किती खेपा घालाव्या लागतात हे सांगायची आवश्यकता नाही.

परराज्यातली गाडी स्वस्त मिळते. तिला त्या राज्याचे ना-हरकत पत्र, म्हणजे फॉर्म २८, लागते. इथे नवा नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. हा सगळा खर्च किमतीत मिळवून बघितला की स्वस्ताई उडून जाते. गाडीला १५ वर्षे झाली असतील तर नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी पुन्हा करावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीची ही फी ३०० वरून १००० रुपये झाली, आणि २०२५ च्या नव्या नियमाने २० वर्षांवरील मोटारसायकलला २००० रुपये. शिवाय पर्यावरण कर आहे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना महाराष्ट्रात उच्च सुरक्षेची नंबर प्लेट बसवणे सक्तीचे केले आहे. ती बसलेली नसेल तर तो खर्च आणि खटाटोप विकणाऱ्याच्या गळ्यात घालावा.

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून घेत असाल तर त्याच्या भिंतीवरचे प्रमाणपत्र पाहा. १ एप्रिल २०२३ पासून अशा व्यापाऱ्याला आरटीओचे अधिकारपत्र घ्यावे लागते. गाडी त्याच्या ताब्यात आल्याची नोंद ऑनलाइन झाली की विकली जाईपर्यंत कायद्याने तोच मालक समजला जातो. हा नियम चांगला आहे. ज्याच्याजवळ अधिकारपत्र नाही तो कितीही गोड बोलला आणि कितीही चहा पाजला तरी तो फक्त मध्यस्थ आहे, आणि उद्या भानगड झाली की "मी तर फक्त गाठ घालून दिली" म्हणून हात झटकणार आहे.

आता गाडीकडे येऊ. बुलेटचा इतिहास सांगत बसत नाही, एवढेच की १९५५ साली मद्रासला हिची जुळणी सुरू झाली ती सैन्याच्या मागणीसाठी, आणि १९९४ मध्ये कंपनी आयशरच्या ताब्यात गेली. आपल्या कामाचे एवढेच की बाजारात आज तीन पिढ्यांच्या गाड्या आहेत, आणि तिघींना एकाच भावाने तोलणे चूक आहे.

पहिली जुनी बिडाच्या इंजिनाची. गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे. २०१० च्या सुमारास ती बंद झाली. तिला हौशी लोक जीव लावतात आणि भावही देतात. पण ज्याला सकाळी आठला बाजारात पोचायचे आहे त्याने तिच्या वाटेला जाऊ नये. टॅपेट लावा, ऑइल पुसा, पॉइंट साफ करा, असे तिचे मानपान असतात. जाणते मिस्त्रीही आता म्हातारे झाले.

दुसरी, त्यानंतरची ३४६ सीसीची. टॅपेटची कटकट गेली, गिअर डावीकडे आले, सेल्फ आला. क्लासिक याच इंजिनावर खपली. २०२० च्या एप्रिलपासून प्रदूषणाचे नवे निकष लागू झाले तोपर्यंत साडेतीनशेला कार्बोरेटर होता, त्यानंतर इंजेक्शन आले. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. माझ्या मते या पिढीत घ्यायची तर एबीएस असलेलीच घ्यावी. पावसाळ्यात ऑइल सांडलेल्या घाटात दोन-चार हजार जास्त गेले तरी ते वसूल होतात. या इंजिनाचा ओळखीचा ऐब म्हणजे सेल्फचा स्प्रॅग क्लच. सेल्फ दाबल्यावर दात घसरल्यासारखी खरखर झाली की खर्च आला म्हणून समजावे.

तिसरी, ३४९ सीसीची नवी. नोव्हेंबर २०२० मध्ये मिटिअरमध्ये ती आली, सप्टेंबर २०२१ मध्ये क्लासिकमध्ये, २०२२ मध्ये हंटर आणि २०२३ मध्ये बुलेट. हिचा थरथराट कमी आहे. किक मात्र नाही, म्हणजे बॅटरी मेली की ढकला. धंद्यासाठी मी हिलाच पसंती देईन. दिवसभर चालवून हाताला मुंग्या येत नाहीत. पण खरेदी करताना विचारावे की कंपनीने परत बोलावलेल्या गाड्यांत ही होती का. मे २०२१ मध्ये इग्निशन कॉइलच्या दोषामुळे दोन लाख छत्तीस हजारांवर गाड्या बोलावल्या होत्या, आणि डिसेंबर २०२१ मध्ये मागच्या ब्रेकच्या एका भागासाठी सव्वीस हजार तीनशे क्लासिक. दुरुस्ती फुकट होती. झाली की नाही ते चेसिस नंबरावरून सर्व्हिस सेंटरला कळते.

होंडाची सीबी ३५०, चाकणला बनणारी बजाज डॉमिनार, ट्रायंफची ४००, पुन्हा आलेल्या जावा आणि येझदी, या गाड्या वाईट नाहीत. काही तर चालायला बुलेटपेक्षा चांगल्या आहेत. प्रश्न इतकाच की तुमच्या बाजाराच्या रस्त्यावर तिचा क्लच केबल तुटला तर तो मिळणार कुठे. शहरात राहणाऱ्याने खुशाल घ्यावी.

पाहायला जाताना आदल्या दिवशी सांगावे की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. सकाळी गेल्यावर आधी इंजिनला हात लावून पाहावा. गरम असेल तर समजावे की थंडपणी ती काहीतरी बोलते, जे तुम्ही ऐकू नये अशी मालकाची इच्छा आहे. सुरू केल्यावर निळसर धूर म्हणजे ऑइल जळते. मग मिस्त्रीला पुढचे चाक उचलून हँडल हळूच फिरवायला सांगावे. मधे अडकले तर कोनसेट गेला. मागे उभे राहून दोन्ही चाके एका रेषेत आहेत का पाहावे. रिमच्या तारा, स्विंग आर्मचे बुश, चेनचे दात. टाकीचे झाकण उघडून टॉर्चने आत पाहायला विसरू नये. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे, ते पाणी ओढते. महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत गंज आणि जुन्या गाडीत रबरी नळ्या फुगलेल्या सापडतात. आणि ज्या गाडीचा सायलेन्सर बदलून कानठळ्या बसवणारा लावला आहे, ती तरुण मुलाने कशी पळवली असेल याचा अंदाज करावा. पोलीस तो सायलेन्सर उतरवून घेतात, दंड वेगळा. मूळ सायलेन्सर जवळ नसेल तर त्याची किंमत वजा करावी.

भावाच्या बाबतीत गेल्या वर्षा-दोन वर्षांतली मोठी घटना जीएसटीची आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या मोटारसायकलवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला, आणि त्यावरच्या गाड्यांवर तो ४० टक्के झाला. साडेतीनशेच्या नव्या बुलेट-क्लासिक बावीस हजारांपर्यंत उतरल्या. पण जुनी विकणारा अजून आपण मोजलेला जुना भाव सांगतो. "मी तेव्हा इतके भरले होते." त्याने काय भरले याच्याशी आपला संबंध नाही. ग्रे कापडाचा भाव उतरला की आमच्या गोदामातला मालही त्याच दिवशी उतरतो, आम्ही कितीला घेतला होता ते कोणी विचारीत नाही. आजच्या नव्या गाडीच्या भावावरून मागे यावे. उलट साडेचारशे-साडेसहाशेच्या जुन्या गाड्यांचे मालक आता ताठ झाले आहेत, कारण नवी महागली. म्हणून साडेतीनशेच्या हद्दीत राहणेच आज शहाणपणाचे आहे.

नवी स्वस्त झाली तर जुनी घ्यावीच कशाला, असे कोणी विचारील. ज्याच्या गल्ल्यात नवीची पूर्ण रक्कम आहे त्याने नवी घ्यावी. बहुतेकांजवळ ती नसते आणि मग हप्ते येतात. व्याजाविषयी आपल्या वाचकांची भूमिका काय आहे ते मी सांगायला नको. पण ती बाजूला ठेवून निव्वळ धंद्याच्या नजरेने पाहिले तरी, सीझनच्या आधी सूत किंवा माल भरायची वेळ आणि गाडीचा हप्ता एकाच आठवड्यात आला की माणूस उधारीने महाग माल उचलतो. ते नुकसान कुठल्याच वहीत गाडीच्या खात्यावर लिहिले जात नाही. रोख लाख रुपयांत तीन-चार वर्षे जुनी गाडी बसत असेल तर तीच बरी. जुन्या गाडीसाठी कर्ज काढणे हे सर्वांत वाईट, कारण तिथे व्याजाचा दर नव्या गाडीपेक्षा साधारणपणे जास्त असतो.

सौदा ठरला की सगळे पैसे एकदम देऊ नयेत. बयाणा द्यावा, त्याची पावती घ्यावी आणि पावतीवर गाडीचा नंबर, चेसिस नंबर, ठरलेली रक्कम आणि नाव चढवण्याची मुदत लिहावी. कर्जाची नोंद असेल तर ती उतरल्याशिवाय पुढची रक्कम देऊ नये. मोठा भाग बँकेतून द्यावा म्हणजे पुरावा राहतो. ठरावीक रक्कम, समजा दहा-पंधरा हजार, नवे आरसी बुक हातात पडेपर्यंत मागे ठेवावी, आणि हे सौद्याच्या वेळीच उघड सांगावे. ताबा घेतल्याचा दिवस आणि वेळ दोघांच्या सहीने कागदावर लिहावी, त्याआधीची चलान त्याची, नंतरची आपली. फॉर्म २९ भरल्याची आरटीओची पोच विकणाऱ्याने स्वतःजवळ ठेवावी, एक प्रत घेणाऱ्याला द्यावी. विमा कंपनीचा नाव बदलल्याचा कागद आला की तो आणि नवे आरसी बुक, दोन्हींच्या झेरॉक्स घरच्या पेटीत ठेवाव्यात आणि त्या कुठे आहेत ते बायकोला सांगून ठेवावे.